ती मुलगी आहे ना, मग ‘जातो’ का म्हणते?

(या भागात बोललेलं जवळपास तसंच इथं उतरवलंय. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे गाळलेत, ते फार झाले होते.)

आजचा विषय ‘वर्गाच्या बाहेरचं जग इंटरनेटवरून वर्गात कसं आणायचं’ हा आहे. मी शिक्षिका नाही. कोल्हापुरातच बीटेक केलं, मग हिंजवडीत नोकरी, 2020 ला लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. दिवसभर दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलती करायची, हे माझं काम. त्यामुळं मला वाटायचं की एक वर्ग दुसऱ्या वर्गाशी जोडणं यात काय मोठं? एक लिंक पाठवायची. ते कसं चुकलं ते सांगते.

पण आधी आपल्याकडं हे कुणी नीट केलंय ते सांगायला हवं. रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तुम्हाला माहीत आहेच. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातमी तिथंच संपली. ते करत काय होते, हे मी विचारलं तर माझ्या ऑफिसातल्या दहापैकी आठ जण ‘क्यूआर कोड’ एवढंच सांगतात. ते खरंच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीला जिल्हा परिषदेची छोटी शाळा, तिथं ते 2009 ला रुजू झाले. इंजिनिअरिंग सोडून शिक्षक झालेला माणूस. त्यांनी पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडला, मोबाइल धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले, मग एनसीईआरटीनंही घेतले.

मला त्यांचं दुसरं काम जास्त ओढतं. ते स्वतःच्या वर्गातून जगभरातल्या वर्गांना व्हिडिओ कॉलवरून सहल घडवायचे. पुरस्काराच्या वेळी दिलेल्या माहितीत 83 देशांतल्या 1400 वर व वर्गांचा आकडा आहे. आणि ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ म्हणून एक उपक्रम, ज्यात भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण अशा एकमेकांशी न बोलणाऱ्या देशांतली मुलं काही आठवडे एकमेकांशी बोलत राहतात. आता गंमत बघा. क्यूआर कोड राज्यभर पसरला, कारण तो छापता येतो. एकदा पुस्तकात गेला की शिक्षक बदलला तरी कोड तिथंच असतो. कॉल छापता येत नाही. त्याला दोन्हीकडं एकेक माणूस लागतो, ज्याला रविवारी संध्याकाळी घरी जायची घाई नाही. म्हणून कोड सगळीकडं आहेत आणि असे कॉल मोजक्या ठिकाणी.

आणखी एक उदाहरण आपल्या बाजूला, सातारा जिल्ह्यात, फलटणला. तिथं मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. मूळच्या अमेरिकन, पण मराठी वाचन-लेखन मुलांना कसं शिकवावं यावर त्यांनी आयुष्य घातलं. सुगत मित्रांनी 1999 मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीतल्या भोकात संगणक बसवला होता, ते ऐकलं असेल. त्याच मित्रांना 2013 ला टेड प्राइज मिळालं आणि त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’च्या ज्या प्रयोगशाळा निघाल्या, त्यातली एक फलटणला. तिथं ‘ग्रॅनी क्लाउड’मधल्या आज्या स्काइपवर यायच्या. आज्या म्हणजे सगळ्या आज्याच असं नाही, पुष्कळसे निवृत्त शिक्षक. त्यांनी शिकवायचं नसतं. गोष्ट वाचायची, गप्पा मारायच्या आणि मूल काही करून दाखवतंय तर ‘अगंबाई, हे तू केलंस? कसं केलंस?’ असं म्हणायचं. आपल्या घरातली आजी करते तेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. कौतुक करायला सातासमुद्रापलीकडून माणूस कशाला पाहिजे? आता हसत नाही.

तर आमची शाळा. नाव सांगत नाही, पन्हाळा तालुक्यातली आहे, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. दोन शिक्षक. त्यातले एक गुरुजी माझ्या मावसभावाचे मित्र. त्यांना म्हटलं, माझी कॉलेजची मैत्रीण न्यू जर्सीला आहे, ती तिथं रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अशा पुष्कळ शाळा चालतात, आठवड्यातून एकदा, घरी मराठी असलेल्या मुलांसाठी. आपली मुलं आणि त्यांची मुलं बोलू द्यात की. गुरुजी म्हणाले, ‘ताई, आणा तुमचं मशीन.’

वेळ रविवारी संध्याकाळी साडेसात. तिकडं सकाळचे दहा. गावात ही वेळ बरी पडते, धार काढून दूध डेअरीला घालून झालेलं असतं. पहिला कॉल सप्टेंबरात. मी सगळी तयारी केली. शाळेत नेट नाही, गुरुजींच्या मोबाइलचं हॉटस्पॉट. डाउनलोड बरं होतं, पण व्हिडिओ कॉलला अपलोड लागतं, आणि ते खिडकीच्या एका कोपऱ्यातच मिळत होतं. फोन तिथं टांगला, पिशवीत घालून. बाहेरचा माइक आणला, कारण पत्र्याची शाळा, आवाज घुमतो. इन्व्हर्टरची बॅटरी घरनं उचलून नेली. म्हणजे माझ्या बाजूनं सगळं ओके.

आणि कॉल पार पडला. पार पडला म्हणजे काय, तर वीस मुलं ओळीनं पुढं आली आणि प्रत्येकानं इंग्रजीत म्हटलं, माझं नाव अमुक, मी चौथीत शिकतो. आठवडाभर पाठ करून घेतलं होतं. तिकडच्या मुलांनी तसंच म्हटलं, थोड्या बऱ्या उच्चारात. मग दोन्हीकडं शांतता. मग आम्ही समूहगीत म्हटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस मिनिटांत संपलं. आवाज एकदाही तुटला नाही, व्हिडिओ एकदाही अडकला नाही. मी केबल गुंडाळत होते तेव्हा तिसरीतल्या एका पोरानं विचारलं, ‘अक्का, त्यास्नी आमी ऐकू आलो न्हवं?’

ऐकू आलेच होते रे बाबा. पण ऐकण्यासारखं आम्ही काय म्हटलं होतं?

घरी येताना मला ते खुपत राहिलं. मराठी मुलांशी बोलायला मराठी मुलं बसली होती, आणि दोघांनी इंग्रजीत नाव सांगितलं. का? तर कॅमेरा आहे, अमेरिका आहे, मग इंग्रजीच असणार. हे कुणी ठरवलं नव्हतं. गुरुजींनी नाही, मैत्रिणीनं नाही, मी तर विचारच केला नव्हता. माझं लक्ष अपलोडवर.

पुढच्या वेळी ठरवलं, ओळख नाही. एक वस्तू दाखवायची आणि मराठीत बोलायचं. मुलांना विचारलं, काय दाखवू या? पहिलं उत्तर ‘रंकाळा’. मग ‘पन्हाळगड’. ही पाहुण्यांना सांगायची उत्तरं. गुरुजींनी बरोबर विचारलं: तुम्ही शाळेतनं घरी जाताना कुठं थांबता? सगळी एकदम ओरडली, गुऱ्हाळात!

दिवाळीनंतर आमच्याकडं गुऱ्हाळं पेटलेली असतात. मुलांनी दहा दिवस त्यावर काम केलं. गुळव्याला जाऊन प्रश्न विचारले, चित्रं काढली. चिपाड किती वाळवून चुलवाणात घालायचं, काहिलीतला रस उकळताना मळी कशी काढतात, रस स्वच्छ व्हायला रानभेंडी कशी वापरतात, पाक झाला हे गुळव्या गार पाण्यात बोट बुडवून कसं ओळखतो, मग वाफ्यात ओतायचं, मग रवा. एका पोरानं हिशोब लिहून आणला: एक टन उसाला साधारण शंभर किलो गूळ. आमच्या गुळाला 2014 पासून जीआय मानांकन आहे हे मी फुशारकीनं सांगितलं, तर एकानं विचारलं, त्यानं भाव वाढला काय? पुढचा विषय घ्या म्हटलं.

आता माझी चूक नंबर दोन. रंगीत तालमीत चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘मी रोज आजोबासंगं गुऱ्हाळावर जातो.’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापुरात बायका-मुली ‘मी जातो, मी आलो, मी करतो’ असंच बोलतात. माझी आई बोलते, मी बोलायचे. हिंजवडीत पहिल्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये ‘मी बघतो’ म्हटलं आणि एक जण हसला, वाईट हेतूनं नव्हे. महिनाभरात माझं ‘मी बघते’ झालं. कुणी सक्ती केली नाही. आताही हे लिहिताना ‘गेले, म्हटले’ असंच लिहितेय, हात आता तिकडं वळत नाही.

आणि त्या मुलीला मी काय म्हटलं? ‘बाळ, जातो नाही. जाते म्हणायचं. ती मुलं पुस्तकातलं मराठी शिकतात, त्यांना कळणार नाही.’ ती मान हलवून खाली बसली. मग तालमीत दोनदा ‘जाते’ म्हणाली, आणि दोन्ही वेळा पुढचं वाक्य विसरली. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण वाटलं, सवय होईल.

कॉलचा रविवार. सात वाजता सगळी हजर, यावेळी आया आणि एक-दोन आज्यापण. काकवीची बाटली, गुळाचा खडा, चिपाडाची जुडी टेबलावर. साडेसात झाले. लिंकवर कुणी नाही. सात चाळीस. मैत्रिणीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, अगं, आत्ता तर नऊच वाजलेत.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागं घेतात. सप्टेंबरात साडेनऊ तासांचा फरक होता, आता साडेदहा. मी पगार कशाचा घेते, तर वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या सर्व्हरांच्या वेळा जुळवायचा! कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं असतं तर त्यानं आपोआप सांभाळलं असतं, पण मी गुरुजींना व्हॉट्सॲपवर ‘नेहमीप्रमाणे 7:30’ असं टाकलं होतं. साठ माणसं शाळेत बसलेली. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

पण त्या तासानंच सगळं वाचवलं असं मला वाटतं. मुलं कंटाळली, तालीम विसरली, एक आजी चुलवाणाला पाय भाजल्याची गोष्ट सांगू लागली, दुसरीनं तिला खोटं पाडलं. गुळाचा खडा निम्मा संपला. साडेआठला स्क्रीन उजळली तेव्हा वर्गात गुऱ्हाळाइतकाच गोंगाट होता आणि कुणाच्या डोक्यात पाठ केलेलं काही नव्हतं.

ती मुलगी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, ‘मी रोज आजोबासंगं गुऱ्हाळावर जातो. तिथं आमी ऊस खातो, पन आजोबा वरडत्यात.’

तिकडून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, अगदी स्वच्छ मराठीत: ‘बाई, ती गर्ल आहे ना? मग ती जातो का म्हणते?’

मैत्रीण गडबडली. मी माइककडं हात नेला, काहीतरी सांभाळून घ्यायला. त्याआधीच आमची म्हणाली, ‘आमच्यात असंच म्हणत्यात. माझी आई बी तसंच म्हणती.’ आणि मागून आजी: ‘मग काय! फकस्त बाप्यानीच जायाचं व्हय?’

वर्ग हसला. मग तिकडच्या एका मुलानं हात वर केला. तो म्हणाला, ‘माझी आजी पण मी येतो म्हणते. ती इचलकरंजीला असते. बाबा फोनवर तिला करेक्ट करतात.’ थोडं थांबला आणि म्हणाला, ‘मला वाटायचं तिला मराठी नीट येत नाही.’

मी काही बोलले नाही. माझ्याकडं बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर कॉल सव्वा तास चालला. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडं मेपल नावाच्या झाडाला थंडी संपताना भोक पाडून रस गोळा करतात आणि उकळून पाक करतात, साधारण चाळीस लिटर रसाला एक लिटर. आमच्या हिशोबवाल्या पोरानं लगेच विचारलं, मग जळण काय घालता? तिकडं कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी ते विचारून आले: पूर्वी लाकूड, अजूनही काही जण लाकूडच. आमच्या पोराला झाड वाचवण्याची काळजी नव्हती. त्याचा मुद्दा असा की उसाला चिपाड आपलं आपण मिळतं, मेपलला बाहेरून आणावं लागतं, म्हणजे महाग पडणार. माझ्या मते हा त्या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि तो कुठल्याही स्वाध्यायात नव्हता.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी पटकन. व्हिडिओ लटकला तर बंद करा, आवाज राखा. आवाजाला फार थोडं नेट लागतं, आणि मुलं आवाजावर चांगली बोलतात. कॉल रेकॉर्ड करू नका. आमच्याकडं पालकांना आधी विचारलं, शिक्षक कायम खोलीत असतात, मुलांचे फोटो कुणी ग्रुपवर टाकायचे नाहीत असं ठरलंय. यावरून एकदा वाद झाला, कुणाला तरी वर पाठवायला फोटो हवा होता. आम्ही टेबलावरच्या गुळाचा दिला. पावसाळ्यात पत्र्याच्या शाळेत कॉल ठेवू नका, आमच्याकडचा जुलै माहीत आहे ना. आणि घड्याळ तपासा, हे मी सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं.

आता अवघड भाग. हे टिकेल का? गुरुजींवर आधीच कामं काय कमी आहेत? ऑनलाइन माहित्या भरा, सर्वेक्षणं करा, निवडणुकीचं काम करा. रविवारची संध्याकाळ ते स्वतःच्या घरातून काढतात. उद्या त्यांची बदली झाली तर? मी त्यांना हे विचारलं, तर ते म्हणाले, ‘बदली झाली तर तिकडच्या शाळेला गूळ नसंल, दुसरं काय तरी असंल की.’ त्यांचं तसं असेल. इथल्या मुलांचं काय, हे मी विचारलं नाही. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेपर्यंत यावं म्हणून राजानं कायदा केला होता. एखाद्याच्या रविवारवर सोडलं नव्हतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही, पण कॉलचा कायदा कसा करायचा हे मला सुचत नाही. केला तर पुन्हा ‘माझं नाव अमुक, मी चौथीत शिकतो’ सुरू होईल, फोटोसह.

सध्या आमचं दुसरं एक चाललंय. अमेरिका झाली, आता सीमेपलीकडचं गाव. कोल्हापूरहून निपाणी साधारण चाळीस किलोमीटर. तिथून थोडं आत गेलं की कन्नड शाळा. आमच्या मुलांनी न्यू जर्सीची थंडी पाहिली, पण कन्नड शाळेतल्या मुलाशी एक शब्द बोललेली नाहीत. साने गुरुजींची आंतरभारतीची कल्पना तरी वेगळी काय होती? एकमेकांच्या भाषेत, एकमेकांच्या घरात जायचं. वेळेचा फरक शून्य, त्यामुळं मी यावेळी घोळ घालू शकत नाही. भाषेचं काय करायचं विचारलं तर गुरुजी म्हणाले, बेळगावकडच्या मराठी शाळेतली पोरं दोन्ही भाषा बोलतात, त्यांना मध्ये घेऊ या, तीन वर्ग एकदम. तीन वर्ग म्हणजे तीन हॉटस्पॉट. ते माझं काम.

मुलांना म्हटलं, प्रश्न लिहून आणा. अक्का, अण्णा हे शब्द कन्नडमधून आलेत हे कळल्यावर मला ‘अक्का’ म्हणायला एक जण लाजायला लागलाय, का ते देव जाणे. परवा वह्या गोळा केल्या. त्या ‘जातो’वाल्या मुलीनं एकच प्रश्न लिहिला होता: ‘तुमी म्हशीला काय म्हणून हाक मारता? आमची म्हस कर्नाटकातनं आणलीया. ती माझं ऐकत न्हाई.’